आमदारांकडे गावाची फाइल कशी न्यावी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका नव्या सरपंचताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "निवडून आल्यापासून आमदार साहेबांना चार-पाच निवेदनं दिली. दर वेळी 'करून टाकू' म्हणतात, पीए कागद ठेवून घेतात, फोटो निघतो. काम एकही आलं नाही. आमचं पॅनल त्यांच्या पक्षाचं नाही म्हणून असं होतं का? विषय आमसभेत मांडावा की अधिवेशनात? आणि सुरुवात कुठून करावी?"

ताई, पक्षाचा भाग असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण निवेदन पडून राहण्याचं नेहमीचं कारण वेगळंच असतं. त्या कागदावरून पीएला पुढचं पत्र टाइप करता येत नाही. "गावात रस्ते, नाल्या, पाणी, समाजभवन, व्यायामशाळा यांची सोय करून द्यावी" असं निवेदन वाचून पत्र लिहायचं तरी कोणाला? कार्यकारी अभियंत्याला, जिल्हाधिकाऱ्यांना की मंत्र्यांना? कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी खर्चाच्या कोणत्या खात्यातून? जागा कोणाची? यातलं काहीच त्यात नसतं. मग ते निवेदन गठ्ठ्यात जातं. तेव्हा पहिला नियम असा की एका कागदावर एकच काम लिहायचं, आणि त्या कामाची फाइल आमदारांकडे जाण्याआधीच अर्धी तयार ठेवायची.

आधी पैशाचा हिशेब डोक्यात बसवा. आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाचा निधी २०२२ पासून वर्षाला ५ कोटी आहे. ग्रामीण मतदारसंघात दीडशे ग्रामपंचायती धरल्या तर एकेका गावाच्या वाट्याला तीन-सव्वातीन लाख येतात, म्हणजे सिमेंट रस्त्याचा एक तुकडा. आणि तोही आमदार देत नाहीत, ते शिफारस करतात. प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात आणि कागद जिल्हा नियोजन अधिकाऱ्याच्या टेबलावरून फिरतो. म्हणून आमदार निधी मागायला जाणं हा आमदारांचा सगळ्यात छोटा उपयोग आहे. त्यांचं खरं वजन चार ठिकाणी चालतं: ग्रामविकास खात्याचं २५१५, जिल्हा नियोजन समिती, बांधकाम खात्याचं बजेट आणि सभागृह.

पंचवीस-पंधरा म्हणजे लोकप्रतिनिधींनी सुचवलेली ग्रामीण मूलभूत सुविधांची कामं. इथं आमदारांचं पत्र ग्रामविकास मंत्र्यांच्या नावानं जातं आणि मंजुरी मंत्रालयातून शासन निर्णयानं येते, सोबत कामांची यादी जोडलेली असते. जिल्हा वार्षिक योजनेत जनसुविधा (स्मशानभूमी, ग्रामपंचायत भवन), मोठ्या गावांना नागरी सुविधा, रस्त्यांच्या खर्चाचं ३०५४ आणि ५०५४, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांचा विकास, आदिवासी पट्ट्यात ठक्कर बाप्पा योजना, तांड्यांसाठीची तांडा वस्ती योजना अशी लेखाशीर्षं आणि योजना असतात. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. चंद्रपूर, नागपूर, वणी, गडचिरोलीकडच्या खाणपट्ट्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा पैसा वेगळा असतो. तिथं आधी गाव प्रत्यक्ष बाधितांच्या यादीत आहे की अप्रत्यक्ष, हे पाहून घ्या. यादीत नसेल तर आधी यादीत येण्याची मागणी करा, काम नंतर मागा.

हे सगळं करण्याआधी आपल्या घरचा पैसा तपासा. १५व्या वित्त आयोगाच्या निधीतले ८० टक्के थेट ग्रामपंचायतीला आले आणि त्यातले ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेले होते. त्या पैशातून होणारी दोनशे फुटांची नाली आमदारांकडे मागितली की चाणाक्ष आमदार पहिला प्रश्न विचारतात, "वित्त आयोगाचे किती शिल्लक आहेत?" ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आकडा सगळ्यांना दिसतो. पेसा गाव (आदिवासी अनुसूचित क्षेत्रातलं) असेल तर पाच टक्के अबंध निधीचंही तेच. खात्यात पैसे पडून असताना हात पसरला तर पुढची सगळी मागणी हलकी होते.

आता फाइल. रस्त्याचं उदाहरण घेऊ, कारण निम्मी निवेदनं रस्त्याचीच असतात. सगळ्यात आधी रस्त्याला नंबर आहे का ते बघा. जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात यादी असते. ग्रामा म्हणजे ग्रामीण मार्ग, इजिमा म्हणजे इतर जिल्हा मार्ग, हे दोन्ही जिल्हा परिषदेचे. प्रजिमा म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, तो आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे. नंबरच नसेल तर ३०५४ चा पैसा त्यावर पडत नाही, आणि मग मागणी "रस्ता करून द्या" अशी नसते, "रस्ता ग्रामीण मार्ग म्हणून घ्या" अशी असते. ते काम पुरवणी मागणीत नेण्याचं नाही, त्याला जिल्हा परिषदेचा ठराव लागतो. पांदण (शेतांकडे जाणारा रस्ता) असेल तर ती वेगळीच वाट. तिच्यावर ३०५४ मागू नका, पांदण रस्त्यांच्या योजनेत घाला. आणि अर्ज करण्याआधी भूमी अभिलेखच्या नकाशात पांदण दिसते का, दोन्ही बाजूच्या धुऱ्यांनी ती किती खाल्ली आहे, मोजणी झाली आहे का, हे बघा. अतिक्रमण काढायला तहसीलदार लागतात, तिथं आमदारांच्या पत्रानं फक्त तारीख लवकर मिळते.

शाखा अभियंत्याला गावात बोलावून जागेवर मोजून घ्या आणि चालू दरसूचीवर अंदाजपत्रक करून मागा. त्यात १८ टक्के जीएसटी धरला आहे का, रस्त्याच्या बाजूची नाली धरली आहे का, काळ्या मातीत खाली मुरमाचा आणि खडीचा थर पुरेसा घेतला आहे का, हे विचाराच. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत नालीविना टाकलेला सिमेंट रस्ता दोन पावसाळ्यांत मधोमध चिरतो, कारण पाणी कडेनं खाली मुरतं आणि माती फुगते-बसते. अंदाजपत्रक स्वस्त करून काम मंजूर करून घेण्यापेक्षा शंभर मीटरऐवजी सत्तर मीटर घ्या, पण नालीसकट घ्या.

फाइलमध्ये पुढचे कागद लागतात. ग्रामसभेचा किंवा मासिक सभेचा ठराव, क्रमांक आणि तारखेसह, काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असल्याची प्रत, जागेचा सातबारा किंवा नमुना ८ चा उतारा, जागा वादात नसल्याचं पत्र, सदर काम अन्य कोणत्याही योजनेतून मंजूर नाही असा दाखला, काम झाल्यावर देखभाल ग्रामपंचायत करेल असा ठराव, तारीख आणि अक्षांश-रेखांश उमटलेले दोन-तीन फोटो, हाती नकाशा. दुबार नसल्याचा दाखला लोक हलक्यात घेतात. एकाच नालीसाठी खासदारांकडे, आमदारांकडे आणि जिल्हा परिषद सदस्याकडे कागद दिला आणि दोन ठिकाणी मंजूर झाला, तर एक काम रद्द करण्यात वर्ष जातं. शिवाय ज्यांचं रद्द झालं ते पुढच्या वेळी तुमच्या गावाचं नाव आलं की हात आखडता घेतात.

ग्रामसभेच्या ठरावाबाबत एक गोष्ट. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती. सह्या कमी पडल्या म्हणून घरोघरी वही फिरवू नका. विरोधी पॅनलमधला एक माणूस माहिती अधिकारात ती वही काढतो आणि काम सुरू असताना स्थगिती येते. तहकूब सभा पुन्हा घ्या, तिला गणपूर्तीची अट नसते. फक्त विषयपत्रिकेवरचे तेच विषय घ्या, नवा विषय तिथं घुसवू नका.

कामाचं नाव लिहिताना सगळ्यात जास्त घोळ होतो. मंजुरी नावाला मिळते, गरजेला नाही. "मौजे अमुक येथे सिमेंट रस्ता" असं ढोबळ लिहिलं तर तो रस्ता कोणत्या आळीत व्हायचा यावर गावात भांडण. अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत असं लिहिलं आणि तिथं आधीच पेव्हर बसलेले निघाले, तर कामात बदल करायला पुन्हा त्याच मान्यता देणाऱ्याकडे जावं लागतं. २५१५ मध्ये तो रस्ता मंत्रालयापर्यंत जातो. म्हणून सुरुवात आणि शेवट सार्वजनिक खुणांनी लिहा: मारुती मंदिर ते जिल्हा परिषद शाळा, अंदाजे लांबी अमुक मीटर, रस्ता व नाली. त्यात "नाली" हा शब्द नसेल तर पुढे नालीवर खर्च टाकता येत नाही.

गावाचं नाव तर त्याहून नाजूक. चंद्रपूर-गडचिरोलीकडे एकाच नावाची गावं तालुक्यात तीन-तीन असतात आणि फरक फक्त कंसातला असतो: (माल), (चक), (तुकूम), (रै.), शिवाय खुर्द आणि बुद्रुक सगळीकडेच. शासन निर्णयाच्या यादीत कंस गळला की निधी भलत्याच ग्रामपंचायतीच्या नावावर दिसतो आणि शुद्धिपत्रक निघायला महिने लागतात. उपाय सोपा आहे. निवेदनात गाव, गट ग्रामपंचायत, पंचायत समिती गण, तालुका आणि गावाचा जनगणना संकेतांक लिहा. पीए तसंच टाइप करतो.

जंगलाच्या जमिनीचा विषय विदर्भात टाळून चालत नाही. स्मशानभूमीचं शेड, अंगणवाडी, पोचरस्ता, पाण्याची टाकी, यांसाठी ठरवलेली जागा सातबाऱ्यावर "झुडपी जंगल" किंवा वन म्हणून निघाली तर मंजूर निधीही परत जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ मे २०२५ च्या निकालानंतर झुडपी जंगल हे वन मानलं जातं. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी दिलेल्या जमिनींसाठी नियमित करण्याची वाट आहे, नंतरच्यांना कडक तपासणी आहे. म्हणून नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांत कोणत्याही कामाआधी सातबारा पाहायचा, मग आमदारांकडे जायचं. खऱ्या गरजेला वनहक्क कायद्याचं कलम ३(२) आहे. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाणी, रस्ता, समाजमंदिर अशा १३ सुविधांसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागणार नाहीत, अशी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीवर वळवता येते. प्रस्ताव वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत उपवनसंरक्षकांकडे जातो. आमदारांना इथं एवढंच सांगा की "साहेब, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची स्थळपाहणी अडली आहे, त्यांना एक फोन हवा." हा फोन शिफारस पत्रापेक्षा जास्त काम करतो.

मामा तलावाचंही तसंच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले बहुतेक लहान माजी मालगुजारी तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे आहेत. "तलाव दुरुस्त करा" म्हणू नका. पाळ फुटली आहे, तुडूम (पाणी सोडायचं दार) गळते की सांडवा खचला, गाळ किती साचला, पाटानं किती हेक्टर धान भिजतं, ते लिहा. लाभक्षेत्राचा आकडा असेल तर दुरुस्तीच्या यादीत वर येता.

आता भेट. चार-पाच जणच जा. सरपंच, उपसरपंच, ज्या वॉर्डाचं काम आहे तो सदस्य, आणि शक्य असेल तर विरोधी पॅनलचा एक सदस्य. हा शेवटचा माणूस सोबत असला की पक्षाचा मुद्दा निम्मा तिथंच संपतो, आणि काम झाल्यावर त्याविरुद्ध तक्रारही होत नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (जुने ग्रामसेवक) पक्षाच्या कार्यालयात किंवा कार्यक्रमात नेऊ नका. ते सरकारी कर्मचारी आहेत, त्यांची अडचण होते. पंचायत समितीतल्या बैठकीला मात्र त्यांना न्याच. सरपंच ताई असतील तर बोलायचं त्यांनीच. पती किंवा दीर बोलत राहिले आणि ताई मागे उभ्या राहिल्या, तर कार्यालयात तुमच्या गावाचा एक ठसा पडतो, तो पुढे सहज पुसत नाही.

बोलणं पाच मिनिटांचं. काम कोणतं, किती रुपयांचं, फाइल कुठे अडली, साहेबांकडून नेमकं काय हवं. "कार्यकारी अभियंता, बांधकाम विभाग, जिल्हा परिषद यांना ३०५४ मध्ये घेण्याबाबत पत्र" असं स्पष्ट म्हणा. पत्राचा मसुदा टाइप करून सोबत न्या, मोबाइलवरही ठेवा. पीए तो आपल्या लेटरहेडवर उतरवून घेतात, त्यांचा वेळ वाचतो. तुमचं निवेदन ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह असावं. स्थळप्रतीवर कार्यालयाचा आवक शिक्का घ्या. आमदारांच्या पत्रावरही त्यांचा जावक क्रमांक आहे की नाही ते पाहून घ्या. बिनक्रमांकाचं पत्र पुढच्या कार्यालयात कुणी शोधून काढू शकत नाही.

पत्र मिळालं की काम झालं असं समजून गावात पेढे वाटतात. तिथून खरं काम सुरू होतं. ते पत्र ज्या कार्यालयाचं, तिथं स्वतः नेऊन द्या, आवक घ्या, कोणत्या लिपिकाच्या टेबलावर गेलं ते विचारा. पंधरा दिवसांनी पुन्हा जा. नस्ती (फाइल) अडली तर २००५ चा दफ्तर दिरंगाईचा कायदा आठवा. त्यात एका कर्मचाऱ्याकडे नस्ती सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं आहे. तो कायदा तोंडावर फेकायचा नसतो. स्मरणपत्रात एका ओळीत उल्लेख केला तरी पुरतं. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, हा क्रम एका वहीत गावनिहाय नाही, कामनिहाय ठेवा. आमदारांना पुढच्या भेटीत "साहेब, तांत्रिक मान्यता २२ तारखेला झाली, निविदा लागली नाही" असं सांगता आलं पाहिजे.

वेळेचं गणित यात फार मोठं आहे. एप्रिल ते जून हा आमदार निधीची शिफारस मागण्याचा काळ, वर्ष नवं असतं आणि यादी मोकळी असते. ऑक्टोबरपर्यंत टंचाईचे प्रस्ताव द्यायचे, कारण टंचाई कृती आराखडा ऑक्टोबर-डिसेंबर, जानेवारी-मार्च, एप्रिल-जून अशा तीन टप्प्यांत असतो. आढावा बैठक बहुतेक ठिकाणी आमदारच घेतात. तिथं "पाणी नाही" हे वाक्य कुणाच्या कामाचं नाही. विंधन विहीर हवी, नळयोजनेची विशेष दुरुस्ती हवी, विहीर अधिग्रहण हवं की टँकर, ते ठरवून जा. अधिग्रहण मागायचं तर कोणाच्या विहिरीचं, तिला किती पाणी आहे, त्या शेतकऱ्याची संमती आहे का, हेही सोबत. आराखड्यात नाव नसलेल्या गावाला मे महिन्यात टँकर मिळवणं फार जिकिरीचं जातं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात विंधन विहीर मागून उपयोग नाही, पाणी खारं लागतं. तिथं प्रादेशिक योजनेच्या दुरुस्तीवरच जोर द्या.

डिसेंबर-जानेवारीत पुढच्या वर्षाचा जिल्हा वार्षिक आराखडा तयार होतो. तुमचं काम तेव्हा यंत्रणेच्या यादीत असायला हवं. आणि सगळ्यात दुर्लक्षित महिने म्हणजे फेब्रुवारी-मार्च. ज्यांची कामं जागेच्या वादात अडली त्यांचा निधी तेव्हा पुनर्विनियोजनात दुसरीकडे वळतो. ज्या गावाची फाइल तांत्रिक मान्यतेपर्यंत तयार, त्या गावाचं नाव दोन दिवसांत लागतं. आमदारांना जानेवारीतच सांगून ठेवा की तीन कामं तयार आहेत, कुठे बचत निघाली तर पाहा. आचारसंहिता लागण्याची शक्यता असेल तर कार्यारंभ आदेश आधी निघाला पाहिजे. नुसती प्रशासकीय मान्यता हातात असेल तर काम थांबतं.

आमसभा की अधिवेशन, हा तुमचा मुख्य प्रश्न. आमसभा पंचायत समितीची, अध्यक्ष स्थानिक आमदार, आणि तालुक्यातले सगळे खातेप्रमुख समोर बसलेले. बऱ्याच तालुक्यांत ती वेळेवर होत नाही. गटविकास अधिकाऱ्यांकडे सरपंचांनी मिळून लेखी मागणी करा. तिथं असे विषय न्या ज्यांचं उत्तर तालुक्यातला अधिकारी देऊ शकतो: रोहित्र जळून महिना झाला, जलजीवनच्या ठेकेदारानं रस्ता फोडून तसाच ठेवला, शाळेत शिक्षक कमी, घरकुलाचा हप्ता अडला. प्रश्न आठ दिवस आधी लेखी द्या, म्हणजे "माहिती घेऊन सांगतो" हे उत्तर मिळत नाही. सभेत माइक हातात आला की लोक तीन विषय बोलतात आणि इतिवृत्तात एकही येत नाही. एक विषय बोला, अधिकाऱ्यानं तारीख दिली की "हे इतिवृत्तात घ्यावं" असं अध्यक्षांना म्हणा. आठवड्यानं इतिवृत्ताची प्रत मागा. ती नसेल तर सभा झालीच नाही असं समजा.

तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या हातात नसलेलं, ते अधिवेशनाचं. मोठा पूल, प्राथमिक आरोग्य केंद्राची पदं, रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांनी केलेल्या पीक नुकसानीचे निकष, गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसित गावठाणातल्या अपुऱ्या १८ नागरी सुविधा, असे विषय. यांत आमदारांकडे तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा अशी साधनं असतात. तारांकित प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या काही आठवडे आधीच द्यावी लागते. हिवाळी अधिवेशन नागपूरला भरल्यावर सिव्हिल लाइन्समध्ये जाऊन प्रश्न हातात दिला तर तो त्या अधिवेशनात लागत नाही. तेव्हा दिवाळीच्या आसपास मसुदा पोहोचवा. त्याची भाषाही ठरलेली असते, तशीच लिहून द्या:

"(१) मौजे अमुक, ता. अमुक, जि. यवतमाळ येथील नाल्यावरील रपटा माहे जुलैमध्ये पुरात वाहून गेल्याने दोन गावांचा संपर्क तुटतो, हे खरे आहे काय, (२) असल्यास, पुलाचे अंदाजपत्रक अमुक दिनांकास सादर होऊनही अद्याप प्रशासकीय मान्यता मिळालेली नाही, हेही खरे आहे काय, (३) असल्यास, याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

तारखा आणि पत्र क्रमांक खरे हवेत. चुकीची तारीख दिली की "हे खरे नाही" एवढं उत्तर येतं आणि आमदारांचा प्रश्न वाया जातो. मग ते तुमच्या कागदावर पुन्हा विश्वास ठेवत नाहीत.

इथं एक गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. प्रश्न मंत्रालयातून जिल्हा परिषदेत, तिथून पंचायत समितीत, आणि "एलएक्यू (विधानसभा प्रश्न) आला, आजच माहिती द्या" म्हणून शेवटी तुमच्याच ग्रामपंचायतीत किंवा उपअभियंत्याकडे येतो. उत्तराचा कच्चा माल खालून वर जातो. तिथं कुणी घाईत "काम प्रस्तावित आहे" लिहून पाठवलं की मंत्री तेच वाचतात आणि विषय थंड होतो. म्हणून प्रश्न दिला त्याच दिवशी ग्रामपंचायत अधिकारी आणि शाखा अभियंत्याकडे रपट्याचे फोटो, पत्रव्यवहार आणि पुराच्या दिवशीचा पंचनामा एकत्र ठेवून द्या. त्यांना सांगा की खरं तेच कळवा, झाकू नका. सभागृहात मंत्र्यांनी आश्वासन दिलं तर ते आश्वासन समितीकडे नोंदतं. आमदारांकडून त्या दिवशीच्या कामकाजाची प्रत घ्या आणि पुढच्या प्रत्येक पत्रात तिचा हवाला द्या.

नागपूरला अधिवेशनात जायचंच असेल तर संध्याकाळी आमदार निवासात किंवा मंत्र्यांच्या रविभवनात जा. सभागृह चालू असताना विधानभवनाच्या दारात ताटकळून काही मिळत नाही. मंत्र्यांकडे जाताना आमदारांना सोबत घ्या, त्यांच्या वरून जाऊ नका. दहा-बारा गावांचा एकच विषय असेल, एकाच नदीवरचा पूल किंवा एकच वीज उपकेंद्र, तर सगळ्या ग्रामपंचायतींचे एकसारखे ठराव जोडून एक संयुक्त निवेदन द्या. एका सरपंचाची मागणी आमदारांना पुढे ढकलता येते, दहा सरपंचांच्या ठरावांना उत्तर द्यावं लागतं. हवं तर विधान परिषदेचे पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघातले आमदारही आहेत. त्यांचाही विकास निधी असतो आणि शाळेची संरक्षक भिंत, वर्गखोली अशा कामांना ते सहसा लक्ष देतात. फक्त त्याच कामाचा कागद दोघांकडे देऊ नका.

श्रेयाचं राजकारण तुम्हाला थांबवता येणार नाही, पण त्यात गावाचं काम अडू देऊ नका. भूमिपूजनाची पत्रिका छापण्याआधी पंचायत समितीकडून राजशिष्टाचाराप्रमाणे नावांचा क्रम लेखी घ्या. कोनशिलेवर कोणाचं नाव राहिलं तर हक्कभंगापर्यंत प्रकरण जातं, आणि त्यात भरडला जातो तो तुमचा ग्रामपंचायत अधिकारी.

शेवटचा धोका ठेकेदाराचा. बऱ्याच गावांत ठेकेदारच ठराव लिहून आणतो, "सही करा, काम मी मंजूर करून आणतो" म्हणतो. असं मंजूर झालेलं काम त्याच्या सोयीच्या जागी होतं, गावाच्या गरजेच्या जागी होत नाही. फाइल तुमची, मसुदा तुमचा, पाठपुरावा तुमचा ठेवा. काम पूर्ण झाल्यावर हस्तांतरणाच्या कागदावर सरपंचाची सही लागते. मोजमाप पुस्तिकेतली लांबी-रुंदी टेपनं जागेवर मोजून, रस्त्यावर पाणी ओतून ते नालीकडे जातं का ते बघून मगच ती सही करा. कमी निघालं तर सही न करता उपअभियंत्याला लेखी कळवा आणि त्याची एक प्रत आमदारांच्या कार्यालयात आवक करून ठेवा.